मनी साखरीला घरात टिकू देईना

डॉक्टरसाहेब, नमस्कार. आमच्याकडं तीन मांजरं आहेत. मनी आणि साखरी एकाच वेताच्या बहिणी, तीन वर्षांच्या. बंड्या हा बोका, गेल्या पावसाळ्यात ओसरीवर आला आणि राहिला, दीडेक वर्षाचा असेल. घर जुन्या गावात, माळवदाचं. वर स्लॅबची एक खोली नवीन बांधलीय. मनी-साखरी लहानपणापासून एकाच टोपलीत झोपायच्या. मार्चमध्ये साखरीचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशन केलं. दोन रात्री ती दवाखान्यात होती. घरी आणून सोडली तर मनी फिस्कारत तिच्या अंगावरच धावली. तेव्हापासून रोज हेच चाललंय. आता बंड्याबी मनीच्या बाजूनं झालाय. साखरी कपाटावरून खाली उतरेना, आणि वाकळांवर मुतायलीय. मी फिनाईलनं पुसते, कापूर ठेवते, तरी पुन्हा तिथंच. गेल्या आठवड्यात दोघींना सोडवायला गेले तर मनी माझ्या हाताला कडकडून चावली. हळद भरलीय. सासूबाई म्हणायल्यात, भांडू द्या, भांडून आपोआप गप होतील. आमचे हे म्हणायलेत, बंड्याला पोत्यात घालून मोंढ्यात सोडून येतो. घर माळकरी, वशट चालत नाही. तिघांना एकाच परातीत दूध-भाकरी घालते. मनी सध्या दोघांचं खाते, पोटबी सुटलंय तिचं. एकाला कुणाला तरी देऊन टाकावं का?

एक वाचक भगिनी, अहमदपूर (जि. लातूर)

ताई, मांजरांचं नंतर बघू, आधी हात.

मांजराचे सुळे बारीक आणि खोल जाणारे असतात. वरून दोन ठिपके दिसतात, पण तोंडातले जंतू आत सांध्यापर्यंत पोचलेले असतात आणि वरची जखम लगेच मिटते. म्हणून मांजराचा चावा कुत्र्याच्या चाव्यापेक्षा लवकर पिकतो. हळद, चुना, चटणी काहीही भरायचं नसतं. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि सरकारी दवाखाना गाठायचा. आठवडा उलटला असला तरी जा. रेबीज मांजराच्या चाव्यातूनही होतो, त्याची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही तिथंच विचारून घ्या. चावल्यापासून दहा दिवस मनी ठणठणीत राहिली तर मोठी काळजी मिटेल, पण ते दहा दिवस घरी बसून मोजायचे नाहीत, लस सुरू करून मोजायचे. हात सुजला असेल किंवा बोट वाकवताना कळ येत असेल तर आजच जा. तिघांना रेबीजची लस टोचलेली आहे का ते तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर तीही यादीत घ्या.

आता मनी.

सख्खी बहीण अशी कशी उलटली, हे तुमच्या पत्रातून पुन्हा पुन्हा डोकावतं. ती बहिणीवर उलटलेलीच नाही, कारण तिच्या लेखी घरी आली ती साखरी नव्हतीच. मांजर आपल्या माणसाला आणि सोबत्याला डोळ्यांपेक्षा नाकानं जास्त ओळखतं. गालांवर, कपाळावर, शेपटीच्या मुळाशी त्यांच्या वासाच्या ग्रंथी असतात. एकमेकांना गाल घासून, चाटून, एका टोपलीत झोपून सगळ्यांचा मिळून एक घरचा वास तयार होतो. तो वास ज्याच्या अंगाला आहे तो आपला. साखरी दोन रात्री स्पिरिटच्या, औषधांच्या आणि अनोळखी जनावरांच्या वासात होती, वर भूल आणि भीती. घरी आली तेव्हा चालही थोडी लटपटत असणार. मनीला साखरीच्या आकाराचं, पण परक्या वासाचं जनावर थेट घरात शिरलेलं दिसलं. ती फिस्कारली. टाक्यांच्या दुखण्यानं आधीच वैतागलेली साखरीही उलट फिस्कारली, आणि मनीची खात्रीच पटली.

दवाखान्यातून आल्यावर असं पुष्कळ घरांत होतं. बऱ्याच ठिकाणी दोन-चार दिवसांत वास जुळतो आणि प्रकरण मिटतं. तुमच्याकडं मिटलं नाही, कारण त्या दोन-चार दिवसांत दोघी रोज समोरासमोर येत राहिल्या आणि रोज नवी मारामारी झाली. आता साखरीचा वास पहिल्यासारखा झालेला असेल, पण दोघींच्या डोक्यात एकमेकींची धास्ती बसलीय. ही धास्ती काढणं हेच आता काम. यात मत्सर नाही, आणि ‘माझ्याकडं दुर्लक्ष करून तिला दवाखान्यात नेलं’ असला राग तर मुळीच नाही.

सासूबाईंचा सल्ला मी रोज ऐकतो. माणसांत, आणि थोडाफार कुत्र्यांतही, भांडून मिटतं. एक नमतं घेतो, दुसरा सोडून देतो. मांजरांत ही नमतं घेण्याची रीत जवळजवळ नाहीच. त्यांचे पूर्वज म्हणजे आफ्रिकेतली आणि पश्चिम आशियातली रानमांजरं, एकेकटी राहणारी, एकेकटी शिकार करणारी. भांडण झालं की हरलेलं मांजर तिथून निघून जातं, आणि तोच त्यांचा निकाल. तुमच्या घरात साखरीला निघून जायला जागा कपाटाच्या माथ्यापुरतीच उरलीय. भांडू दिलं तर भांडण मिटत नाही, उलट मनीला हल्ल्याची आणि साखरीला पळण्याची सवय लागते, आणि पळणाऱ्यामागं धावायला बंड्यासारखा तिसरा आपोआप तयार होतो. बंड्याला साखरीशी काही वैर असेल असं मला वाटत नाही. पळतंय म्हणून तो धावतोय.

पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका ओळीपाशी मी थांबलो. मनी दोघांचं खाते आणि तिचं पोट सुटलंय. ऑपरेशन साखरीचं झालं, मनीचं झाल्याचा उल्लेख नाही, घरात बंड्या धडधाकट बोका, आणि माळवदावरून गावातले बोके येत असणारच. दिवस मोठे व्हायला लागले की भाट्या, म्हणजे मांजरी, माजावर येतात, आणि ऐन उन्हाळ्यात घरोघरी पिल्लं होतात ती त्यामुळंच. ताई, मनी गाभण असण्याची शक्यता मला दाट दिसते. मांजर साधारण दोन महिने, म्हणजे त्रेसष्ट ते पासष्ट दिवस गाभण राहतं. गाभण आणि नुकतीच व्यालेली मांजरी जागेबद्दल अतिशय हळवी होते, एरवी चालणारी मांजरंही तिला जवळ नको असतात. म्हणजे इथं दोन कारणं एकावर एक चढलीत. दवाखान्याच्या वासानं सुरुवात झाली आणि पोटातल्या पिल्लांनी ती धगधगती ठेवली.

म्हणून बाकी काहीही करण्याआधी मनीला तपासून घ्या. हातानं चाचपून जाणत्या डॉक्टरला कळतं, नाहीतर सोनोग्राफी. गाभण नसेल तर ते पोट जंताचं किंवा नुसत्या चरबीचं आहे तेही कळेल. तुमच्या जिल्ह्यातच उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, दुसरं परभणीला. दोन्ही नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात आणि दोन्हीकडं जनावरांचे दवाखाने चालतात. आधी फोन करून वेळ विचारा, मगच उन्हातान्हाचं निघा. नेताना टोपलीवर ओलसर कापड टाका, आणि टोपलीत घरातलीच एखादी वापरलेली चिंधी ठेवा. अंगाचा निम्मा वास तरी घरचा राहील.

गाभण निघाली तर दिवस किती भरलेत ते विचारा. सुरुवातीचे दिवस असतील तर काही डॉक्टर त्याच वेळी ऑपरेशन करतात. ते करायचं की नाही हे तुमच्या घरानं ठरवायचं, त्यात मी पडणार नाही. पिल्लं होऊ द्यायची असतील तर एक कबूल करून चला. पिल्लं आठ आठवड्यांची होऊन आईपासून सुटेपर्यंत मनी-साखरीची दिलजमाई काढायचीच नाही. मनीला एक शांत, अंधारी, थंड जागा द्यायची आणि बंड्या तिकडं फिरकणार नाही असं बघायचं. पिल्लं सुटली की मनीचं ऑपरेशन. लगेच. पिल्लं अंगावर पीत असतानाही मांजरी पुन्हा गाभण राहू शकते.

बंड्याचं खच्चीकरण मात्र कशासाठीच थांबवू नका. बोक्याचं ऑपरेशन लहान असतं, बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी आणता येतो. ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या दिवशी शहाणा झाला असं होत नाही, अंगातलं संप्रेरक उतरायला काही आठवडे लागतात, आणि तेवढ्या काळात तो भाटीला गाभणही करू शकतो. पण बोक्यांचं भटकणं, मूत फवारणं आणि मारामाऱ्या यानं बऱ्याच कमी होतात. आणि हो, तोही दवाखान्याचा वास घेऊन परत येणार आहे! त्याला आणल्या आणल्या बाकीच्यांत सोडाल तर तिसरं भांडण सुरू होईल. एक-दोन दिवस वेगळ्या खोलीत, तिथल्याच अंथरुणावर लोळू द्या, मग बाहेर.

आता मुख्य काम. हे मनी गाभण नसेल तर आजपासून, असेल तर पिल्लं सुटल्यावर. वेगळं ठेवणं तेवढं दोन्ही बाबतींत आजच.

साखरीला वरची स्लॅबची खोली द्या. उन्हाळ्यात स्लॅब तापतो हे मला माहीत आहे. गच्चीवर गोणपाट ओलं करून टाका, खिडकीला पंखा लावा, आणि दुपारी फारच तापत असेल तर बारा ते पाच तिला खाली आणून मनीला दुसऱ्या बंद खोलीत ठेवा. अशी अदलाबदल तशीही करायचीच आहे. पहिले काही दिवस दोघींनी एकमेकींना बघायचंसुद्धा नाही. साखरीला आपलं खाणं, पाणी, शीची जागा आणि लपायला एक खोकं, सगळं आत. कपाटाच्या माथ्यावरून उतरून ती जमिनीवर अंग ताणून झोपायला लागली, हाक मारली की शेपटी वर करून आली, की पुढं सरकायचं. चार दिवसांत होईल किंवा पंधरा लागतील. तारखा बघून नाही, मांजर बघून ठरवायचं. तिच्या टाक्यांकडंही एकदा नजर टाका. लाली, सूज, पाणी दिसलं तर आधी त्याचा इलाज, दुखणारं मांजर कुणाशीच नीट वागत नाही.

मग वासांची देवाणघेवाण. जुन्या सुती पातळाचे दोन तुकडे घ्या. एक साखरीच्या गालांवरून, हनुवटीखालून हळुवार फिरवा, दुसरा मनीच्या. साखरीचा तुकडा मनीच्या खाण्याच्या वाटीपासून हातभर अंतरावर ठेवा, मनीचा साखरीच्या. मनी हुंगून फिस्कारली तर तुकडा लांब सरकवा, रागवू नका. हुंगून खायला लागली तर उद्या वाटी थोडी जवळ. सोबत खोल्यांची अदलाबदल: रोज तासभर मनी वर, साखरी खाली, समोरासमोर न येता. दोघींना घरभर दोघींचा वास सापडू लागतो, आणि तो वास येतो तेव्हा वाईट काही घडत नाही हेही कळत जातं.

नंतर दाराच्या दोन बाजूंना जेवण. बंद दाराच्या आत साखरी, बाहेर मनी, सुरुवातीला वाट्या दारापासून पाच-सहा फुटांवर, आणि रोज वीतभर पुढं. दोघी दाराला लागून निवांत खाऊ लागल्या की जाळी. वरच्या खोलीला जाळीचा दरवाजा असेल तर काम सोपं, नसेल तर सुताराकडून लोखंडी जाळीची एक चौकट करून घ्या. डासांची नायलॉन जाळी एका पंज्यात फाटते. त्या जाळीवर आधी पूर्ण गोणपाट टांगा. मग जेवणाच्या वेळी ते खालून चार बोटं वर गुंडाळा, म्हणजे एकमेकींचे नुसते पंजे दिसतील. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आणखी चार बोटं. यात कंटाळा करू नका. पंजे बघून खाणारी मांजरी डोळे बघून खाईलच असं नाही. डोळ्याला डोळा भिडला आणि एक जरी टक लावून थिजली, तर गोणपाट खाली आणि उद्या पुन्हा कालच्या उंचीवर.

आणि मग, जाळी उघडून, एकत्र. पहिल्यांदा पाच मिनिटं पुरे. दोघींना आधी दमवा. कडब्याच्या लांब धाटाला सुतळी बांधून टोकाला चिंधी अडकवा आणि ती जमिनीवरून उंदरासारखी पळवा. एका माणसानं मनीला खेळवायचं, दुसऱ्यानं खोलीच्या दुसऱ्या टोकाला साखरीला. खेळ झाला की ते धाट आठवणीनं उचलून ठेवा. मांजरानं सुतळी गिळली तर आतड्याचं ऑपरेशन करायची वेळ येते. पाच मिनिटं सुरळीत गेली की चांगल्यावरच थांबवायचं, ‘अजून थोडा वेळ बघू’ म्हणून ताणायचं नाही. बहुतेक घरं घसरतात ती इथंच.

आता तुमच्या घराची मांडणी. तीन मांजरं आणि एक परात हे गणित मला पटत नाही. मांजर एकट्यानं खाणारं जनावर आहे. परातीत तीन तोंडं शेजारी शेजारी दिसली की आपल्याला गोकुळ वाटतं, पण त्यातलं एक भराभर गिळत असतं आणि एक नुसतं वाट बघत असतं. तीन वाट्या, तीन ठिकाणी, एकमेकांना न दिसतील अशा. पाणी खाण्यापासून लांब, दोन-तीन जागी. शीसाठी मांजरं तितकी घमेली आणि वर एक, म्हणजे तुमच्याकडं चार, वाळू भरून. चारही न्हाणीत ओळीनं ठेवलीत तर मांजराच्या हिशेबी ते एकच ठिकाण झालं. न्हाणीत एक, मागच्या पडवीत एक, वर दोन. रोज उपसा, आठवड्याला वाळू बदला.

यामागचं कारण तुम्हाला स्वतः बघता येईल. संध्याकाळी न्हाणीच्या उंबऱ्याकडं लक्ष ठेवा. मनी तिथं आडवी बसलेली असेल, डोळे अर्धे मिटलेले, तोंड भलतीकडं. बघणाऱ्याला वाटेल, बिचारी गारव्याला बसलीय. तिच्या शेपटीचं टोक बघा, तेवढंच हलत असेल. साखरी माजघरातून येते, चार पावलांवर थांबते, मनीकडं बघते, बसते, उगाच पंजा चाटते, आणि मागं वळून कपाटावर जाते. आवाज नाही, बोचकारणं नाही. पण घमेल्याची वाट बंद झाली, आणि तासाभरानं वाकळ ओली. आपल्याकडं शेजारी दरवर्षी नांगराच्या एका तासानं बांध कोरतो, तशातला हा प्रकार आहे. मारामारी कधीतरीच होते, जागा मात्र रोज जाते. साखरी वाकळेवर मुतते ती खोडी म्हणून नाही. वाकळ मऊ आहे, मनीपासून दूर आहे, आणि तिथून दोन्ही दारं दिसतात.

मे महिन्यात यात गारव्याची भर पडते. पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर गेला की तुमच्या घरात थंड जागा किती? माठाखालची ओली फरशी, कूलरसमोरची चटई आणि न्हाणी. त्यावर तीन मांजरं. दोन-तीन ओली पोती वेगवेगळ्या कोपऱ्यांत अंथरा, कोनाड्यात किंवा फडताळावर चढायला पायऱ्यांसारख्या दोन फळ्या ठोका, आणि प्रत्येक जागेला यायची एक आणि जायची दुसरी वाट राहील असं बघा. कोपऱ्यात अडकलेलं मांजरच सगळ्यात वाईट चावतं.

परका बोका माळवदावर किंवा खिडकीत येत असेल तर खिडकीच्या खालच्या काचेला कागद चिकटवा, आणि सवण्याला, म्हणजे माळवदातल्या झरोक्याला, जाळी बसवा. बाहेरच्या बोक्यावर खवळलेली मनी त्याच्यापर्यंत पोचू शकत नाही, मग जो जवळ सापडेल त्याच्यावर तुटून पडते. साखरीवर, किंवा तुमच्यावर. अशा वेळी तिला उचलायचं, चुचकारायचं नाही. अंधाऱ्या खोलीत एकटी सोडायची, पुरती शांत व्हायला कधी कधी काही तास लागतात.

आणि मारामारी लागलीच तर हात घालायचा नाही, हे आता तुम्हाला सांगायला नको. घरात सूप आहे ना? ते दोघींच्या मधे सरकवा. एकमेकी दिसेनाशा झाल्या की त्या सुटतात. नाहीतर जाड वाकळ वरून टाका. पाणी मारणं, चप्पल फेकणं, ओरडणं यातून मनी एवढंच शिकते की साखरी जवळ आली की आपल्यावर काहीतरी संकट येतं. दोन दिवसांनी कुणाच्या अंगावर गाठ किंवा गळू दिसलं, मांजर सुस्त झालं, खाईना, तर दवाखाना. वरून न दिसणारा चावा आत पिकलेला असतो. बंड्याच्या बाबतीत आणखी एक सांगतो, भांडणाशी संबंध नसला तरी. बोका घमेल्यात वारंवार बसतोय, जोर करतोय आणि लघवी होत नाही असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. मूत्रमार्ग तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत जीव सोडू शकतो.

फिनाईल आणि कापूर आजच बंद करा. फिनाईलमधले घटक मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत. पुसलेल्या फरशीवरून चालून पंजे चाटले तरी ते पोटात जातं. कापूरही मांजराला विषारी आहे. शिवाय उग्र वासानं मुताचा वास झाकतो तो आपल्या नाकापुरता, तिच्या नाकाला तो बरोबर सापडतो. वाकळ साबणाच्या पाण्यात भिजवून, खायचा सोडा लावून, आपल्या मराठवाड्याच्या उन्हात दोन दिवस टाका. फुकटचं ऊन आहे, कामाला लावा. मांजराच्या मुतासाठी एन्झाइमचे क्लीनर ऑनलाइन मिळतात, ते फरशीच्या फटींसाठी घ्या. मांजर दुखण्यानं कण्हतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल कधीही देऊ नका, अर्धी गोळीही जीव घेते. मांजरांना शांत ठेवणारी औषधं आहेत, हट्टाला पेटलेल्या भांडणात त्यांचा उपयोगही होतो, पण ती डॉक्टरनं मांजर बघून, वजन करून द्यायची असतात. सॉकेटमध्ये लावायचे, मांजराच्या अंगच्या वासाची नक्कल हवेत सोडणारे फेरोमोनचे डिफ्यूझरही विकत मिळतात. कुणाला गुण येतो, कुणाला नाही. आधी घमेली वाढवा, पैसे उरले तर तो आणा.

दूध-भाकरीचं बोलायला मला थोडा संकोच वाटतो, कारण माळकरी घरात वशट आणा असं मी सांगणार नाही. पण मांजर हे पूर्ण मांसाहारी जनावर आहे. त्याला टॉरिन नावाचं एक द्रव्य लागतं, ते मांसातून मिळतं, भाकरीत नाही, आणि ते कमी पडलं की डोळे आणि हृदय जातं. आजवर तुमची मांजरं उंदीर-पाली खाऊन ती भर काढत असणार. बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही, जुलाब होतात. अर्धपोटी मांजर वाटीवरून भांडतं, आणि गाभण असेल तर जास्तच. मध्यम वाट असेल तर कोरड्या कॅट फूडची. दाणे असतात, वास कमी, स्वयंपाकघराबाहेर ओसरीवर घालता येतात, भांडी वेगळी ठेवता येतात. मनी गाभण असेल तर तिला पिल्लांसाठीचं म्हणजे किटन फूड द्या, त्यात ताकद जास्त असते. सासूबाईंशी तुम्हीच बोला. मांजराला उंदीर चालतो तर दाणे का नकोत, एवढं विचारून बघा.

राहिला मोंढा. आपल्या मोंढ्यात धान्याच्या थप्प्यांमागं मांजरं असतात हे खरं. पण ती ‘मांजरं’ म्हणजे बहुतेक एकमेकींच्या नात्यातल्या भाट्या, आई, मावश्या, लेकी, एकत्र पिल्लं वाढवणाऱ्या. बाहेरून पोत्यातून ओतलेल्या बोक्याला त्या आणि तिथले बोके काय वागवतील ते मनी-साखरीवरून ओळखा. शिवाय पाळलेलं जनावर उपाशी-तहानलेलं मरेल अशा ठिकाणी सोडून देणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० प्रमाणं गुन्हा आहे. यजमानांना हे माझ्या नावावर सांगा, म्हणजे तुमच्यात वाद नको. आणि मुळात बंड्या गेला तरी मनी-साखरीचं भांडण तसंच राहणार, ते त्यानं सुरू केलेलंच नाही.

एकाला देऊन टाकण्याबद्दल. आज नाही. वेगळं ठेवून, सगळ्या पायऱ्या मनापासून करून तीन-चार महिने झाले, तिघांची ऑपरेशनं झाली, आणि तरी साखरी कपाटावरच असेल, तर मग तो विचार करण्यात पाप नाही. तेव्हा साखरीला द्या, मनीला नको. ऑपरेशन झालेली, शांत, एकटी राहू शकणारी मांजरी कुणीही घेईल, आणि एकमांजरी घरात ती सुखानं राहील. द्यायचं ते माहितीच्या घरी, महिनाभरानं जाऊन बघता येईल अशा. दोघी पुन्हा एका टोपलीत झोपतील असं मी कबूल करत नाही. एक दारातून आली आणि दुसरीनं मान वर करून बघून पुन्हा डोळे मिटले, एवढं झालं तरी मी ते जमलं असं धरतो.

मनीच्या तपासणीचं काय निघालं ते कळवा. पिल्लं असतील तर जागांची वाटणी पुन्हा करावी लागेल. त्याचं मी वेगळं लिहीन.